शनीच्या चंद्रावर तळी आहेत का?

विज्ञान दिनाचे विषय फळ्यावर लागले, तेव्हा यशोधरा भिंगारदिवे लंबकाचं प्रॅक्टिकल आटोपून बाहेर येत होती. फळ्याभोवती टी.वाय.ची पोरं-पोरी गोळा झाली होती. यंदाचा मुख्य विषय होता पाणी. त्यातला एकेक तुकडा प्रत्येकाला वाटून दिलेला. कुणाला पाण्याचा अपवर्तनांक, कुणाला जलविद्युत, कुणाला खारं पाणी गोडं करायची रीत. यशोधरानं आपलं नाव शोधलं. नावापुढे खडूनं लिहिलं होतं, ‘डॉ. आंबेडकर आणि पाणीप्रश्न’.

तिची कानशिलं तापली.

तो विषय तिला येत नव्हता असं नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ती अर्धा तास बोलली असती. पाचवीत असताना १४ एप्रिलला ती पहिल्यांदा शाळेत बोलली, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून तो विषय तिला चिकटला. शाळा बदलली, नगरचं कॉलेज आलं, पण वक्तृत्व असो की भित्तिपत्रक, सगळ्यांना विषय वाटून झाले की यशोधरासाठी एक ठरलेला विषय बाजूला काढून ठेवलेला असायचाच. तिनंही तो आवडीनं केला होता. पण भौतिकशास्त्रात आल्यावरही तेच?

आणि तिनं तर आपला विषय सरांना आधीच सांगून ठेवला होता. ऑक्टोबरात अमेरिकेतून कॅसिनी नावाचं यान शनीकडे सुटलं, त्याची चार ओळींची बातमी तिनं पेपरात वाचली होती. मग लायब्ररीत इंग्रजी मासिकं हुडकून, शेजारी डिक्शनरी ठेवून ती पानापानाशी झगडली होती. शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राचं नाव टायटन. त्याच्याभोवती दाट नारिंगी धुकं. सतरा वर्षांपूर्वी एक यान जवळून गेलं, त्यानं फोटो काढले, पण फोटोत नुसता नारिंगी चेंडू. खालची जमीन कुणाच्याच दृष्टीला पडलेली नाही. शास्त्रज्ञांचा कयास असा, की तिथल्या भयंकर थंडीत मिथेन वायू पातळ होत असेल आणि खोलगट जागी त्याची तळी साचत असतील. कॅसिनीवर रडार होतं. धुक्याला न जुमानता ते खाली बघणार होतं.

यशोधरा तडक म्हस्के सरांच्या केबिनमध्ये गेली. म्हस्के सर विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्या पोरांना स्वतःची पुस्तकं द्यायचा.

“सर, मी टायटनचा विषय दिला होता.”

“हो गं, वाचलं मी. पण आपला विषय पाणी आहे. टायटनवर पाणी कुठंय? तू मिथेन म्हणतेस, आणि तेही आहे की नाही कुणाला ठाऊक नाही. नसलेल्या तळ्यांवर काय बोलणार तू?”

“आहेत की नाहीत हे शोधायचं कसं, त्यावर बोलणार. रडारनं तळं ओळखायची रीत इथंही तीच आहे सर. मुळा धरणालाही तीच लागू पडते.”

सर हसले. “अगं, तू त्या दुसऱ्या विषयावर किती छान बोलतेस! तुमच्यात ते उपजतच असतं. पुण्याहून पाहुणे यायचेत, विभागाची छाप पडायला नको?”

‘तुमच्यात’ हा शब्द सरांनी अगदी मायेनं उच्चारला होता. म्हणूनच तो जास्त लागला.

“सर, तो विषय फार मोठा आहे,” यशोधरा म्हणाली. “म्हणूनच तो हर्षलला द्या.”

“हर्षलला?” वर्गातल्या त्या बागायतदाराच्या मुलाचा याच्याशी काय संबंध, हे सरांना क्षणभर उमगेना.

“त्याच्या गावातही विहिरी असतीलच की.”

ती बाहेर आली. डस्टर घेतलं, आपल्या नावापुढची ओळ पुसली आणि खडूनं ठसठशीत लिहिलं, ‘शनीच्या चंद्रावरील तळी : रडारने शोध’. मैत्रिणीनं तिचं मनगट धरलं, पण तोवर लिहून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ओळ गेली होती आणि ओळीबरोबर यशोधराचं नावही. पाणीप्रश्नाचा विषय खरोखरच हर्षलच्या नावापुढे लागला होता. शिपाई वर्गात येऊन सांगून गेला, “भिंगारदिवे, वडिलांना घेऊन ये म्हणलेत सरांनी.”

तिचे वडील सहादू भिंगारदिवे नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला होते. मूळ गाव कर्जतकडचं, पण लग्नानंतर ते जे नागापुरात येऊन राहिले ते तिथलेच झाले. तरुणपणी नामांतराच्या आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंगात जाऊन आले होते. डावं कोपर तेव्हापासून नीट दुमडत नसे. पहिली पाळी संपवून ते कंपनीच्या कपड्यांवरच कॉलेजात आले. सरांनी बराच वेळ बाहेर बसवलं आणि मग आत बोलावून सांगितलं, “पोरगी हुशार आहे हो, पण हवेत गेलीय. विषय बदलते, फळा पुसते. समजावा तिला.”

सहादू मान खाली घालून म्हणाले, “सांगतो सर तिला.”

यशोधरानं वडिलांना असं मान खाली घालून बोलताना कधी पाहिलं नव्हतं. तिला सरांपेक्षा त्यांचाच राग आला.

अंधार पडला होता. डिसेंबर असूनही दुपारी अवकाळी पावसाची सर येऊन गेली होती. वडिलांच्या एम-एटी गाडीवर मागे बसून ती नागापूरकडे निघाली. मनमाड रोडला लागल्यावर पुढे रस्त्याच्या मधोमध एक काळा चौकोन दिसला. डांबराचं ताजं ठिगळ असेल म्हणून सहादूंनी गाडी खुशाल त्यावर घातली. ते ठिगळ नव्हतं. पाण्यानं भरलेला खड्डा होता. गाडी आडवी झाली, बापलेक चिखलात.

फार लागलं नव्हतं. गाडीचं इंजिन चालूच होतं आणि दिवाही. यशोधरा उठायला गेली आणि तशीच बसून राहिली. दिव्याच्या झोतात खडी दिसत होती, चिखल दिसत होता, वडिलांची निसटलेली चप्पल दिसत होती. पाणी तेवढं काळंठिक्कर. तेवढ्यात समोरून ट्रक आला. त्याच्या उजेडात तेच पाणी चांदीच्या पत्र्यासारखं झळाळलं. ट्रक निघून गेला, पाणी पुन्हा काळं.

उजेड पाण्यावर तिरपा पडतो आणि पुढे निघून जातो. ज्यानं तो टाकला त्याच्याकडे परत येत नाही. मासिकातलं पान, जे तिला चार वेळा वाचूनही नीट उमगलं नव्हतं, ते तिच्या पुढ्यात रस्त्यावर सांडलं होतं. ती हसायला लागली.

“लागलं का गं?” सहादू धावले.

“न्हाई आप्पा. तळं दिसलं.”

“तळं?” त्यांचा दिवसभराचा राग आता बाहेर आला. “हितं माझी मान खाली गेली आन् तुला हसायला येतं? बाबासाहेबांवर बोलायला लाज वाटती का तुला? आमी एका नावासाठी हाडं मोडून घेतली!”

“लाज न्हाई वाटत!” तीही ओरडली. “पण माझ्या वर्गात मी एकटीच हाय का त्यांचं देणं लागणारी? दुसऱ्यांनी ताऱ्यांवर बोलायचं, विजेवर बोलायचं, आन् आमी जन्मभर आमच्या दुःखावरच बोलायचं? बाबासाहेबांनी काय शिकायचं बाकी ठेवलं हुतं? सगळं शिकले ते. मला बी सगळं पायजे. शनीचा चंद्र बी पायजे!”

रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबला, चिखलात बरबटलेल्या बापलेकींकडे पाहिलं आणि पुढे गेला.

सहादूंनी गाडी उचलली. चप्पल हुडकून पायात घातली. “बस,” एवढंच म्हणाले.

घरी आई, चांगुणाबाई, दारातच उभी होती. दोघांचा अवतार बघून तिनं आधी गरम पाणी काढलं आणि मग चौकशी केली. यशोधरानं न्हाणीतूनच सगळं सांगितलं.

“कसली तळी म्हणतीस?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“गोबर गॅसमध्ये जो गॅस असतो ना आई, तोच. तिथं इतकी थंडी हाय का त्याचं पाण्यासारखं पातळ होत असंल.”

“शेनाच्या गॅसचं तळं?” चांगुणाबाई खदखदून हसल्या. “मग ते बघायला एवढ्या लांब गाडी कशापायी धाडली?”

शेजारच्या बनुबाई साखर मागायला आल्या होत्या. त्या शेतकरी घरातल्या, शनिवारी न चुकता शिंगणापूरला जाणाऱ्या. त्यांनी हात जोडले. “पोरी, शनीच्या वाट्याला जाऊ नये. उलटतो त्यो.”

“आमच्या वाट्याला लई जन आले बनुबाई,” चांगुणाबाई साखर मोजता मोजता म्हणाल्या. “एकदा आमी जाऊन बघतो कुनाच्या तरी.”

सहादू भिंतीला टेकून बसले होते. ते हसले नाहीत. पण विषय बदल असंही पुन्हा म्हणाले नाहीत.

पुढचे दोन महिने यशोधरानं तयारी सोडली नाही. नाव नव्हतं तरी. घरी परातीत पाणी घालून तिनं बॅटरीचा झोत टाकून पाहिला, पण परातीचं बूडच चमकायला लागलं. चिखल घातला तर पाणी गढूळ झालं. शेवटी भिंतीवरचा आरसा काढून तिनं परातीत आडवा ठेवला आणि भोवती मागच्या रानातली ढेकळं मांडली. दार लावून घेतलं, बॅटरी डोळ्याशी धरून तिरपा झोत टाकला. ढेकळं उजळली आणि मधला आरसा, घरातली सगळ्यात चकचकीत वस्तू, काळाकुट्ट दिसला. तिनं तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा काळा.

मधल्या काळात हर्षल एकदा कँटीनमध्ये तिच्या टेबलाशी आला. पाथर्डीकडचा, बागायतदाराचा मुलगा. खुर्ची ओढून बसला.

“माझ्यावर चिडलीस का?”

“तुझ्यावर कशाला?”

“मग सांग ना मी काय बोलू. मला यातलं काही माहीत नाही.”

“पुस्तक देते. वाच,” यशोधरा म्हणाली. “आणि तुमच्या गावात आमच्या लोकांची विहीर वेगळी आहे का, ते तुझ्या आजीला विचार.”

हर्षलचा चेहरा उतरला. पण पुस्तक त्यानं नेलं.

विज्ञान दिनाच्या सकाळी घरून निघताना सहादूंनी आपली तीन सेलांची मोठी बॅटरी तिच्या पिशवीत टाकली. सेल नवे होते. “त्या बारक्या बॅटरीचा उजेड काय पडनार?” असं म्हणून ते पाळीला निघून गेले.

हॉल भरलेला. पुण्याहून आलेले पाहुणे पहिल्या रांगेत, पांढऱ्या केसांचे एक निवृत्त प्राध्यापक. एकामागून एक भाषणं झाली. हर्षल कागद घेऊन उठला. त्यानं चवदार तळ्याची हकिकत सांगितली, सरळ, काही न सजवता. मग कागद खाली ठेवला. “आमच्या मळ्यातल्या विहिरीवर अजून काही लोकांना पोहरा टाकू देत नाहीत,” तो म्हणाला. “हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण माहीत नव्हतं.” आणि खाली बसला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. यशोधराला वाटलं, आपण इतकी वर्षं बोललो, पण हॉल असा गप्प कधी झाला नव्हता.

म्हस्के सर आभार मानायला माइककडे निघाले. यशोधरा उठली. परात कडेवर, पिशवी खांद्याला. ती पायऱ्या चढून थेट स्टेजवर गेली.

“यशोधरा, कार्यक्रम संपला,” सर दबक्या आवाजात म्हणाले.

“माझा राहिलाय सर. दहा मिनिटं.”

“तुझं नाव नाही यात.”

“नाव मी लिहिलं होतं. पुसलं कुणी ते मी नाही विचारत.” तिनं टेबलावर परात ठेवली. मग ती हॉलकडे वळली. “खिडक्या लावता का कुणी?”

कुणी हललं नाही. मग हर्षल उठला आणि एकेक खिडकी लावत गेला. मागच्या बाकांवरची पोरं हसत-शिट्ट्या मारत त्याला मदत करू लागली. पाहुण्यांनी सरांना हातानं खूण केली, असू द्या. हॉलमध्ये अंधार झाला, तसा तिनं पिशवीतला आरसा परातीत आडवा ठेवून भोवती ढेकळं मांडली.

“शनीला तेल वाहायचं का?” मागून एक आवाज आला. हशा पिकला.

“तेलच आहे तिथं बहुतेक,” यशोधरा म्हणाली, “आणता येईल तेवढं आण. सात वर्षांचा रस्ता आहे.” हशा उलटून त्या पोरावरच पडला. मग ती सरांकडे वळली. “सर, ही बॅटरी धरा. डोळ्याच्या शेजारी. आणि झोत परातीवर तिरपा टाका.”

सर घुटमळले. सगळा हॉल बघत होता. त्यांनी बॅटरी घेतली.

“काय दिसतं?”

“माती दिसते. ढेकळं.” सर वाकले. “मधे काहीतरी काळं आहे. खड्डा आहे का?”

“आरसा आहे सर.”

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “अरे, उजेड बघा तिकडं!” आरशावरून निसटलेला झोत समोरच्या भिंतीवर गोल पडला होता. सर एकदा भिंतीकडे, एकदा आरशाकडे बघत राहिले.

मग यशोधरा बोलली. कॅसिनीचं रडार रेडिओलहरी अशाच तिरप्या टाकणार आहे. त्या लहरींना धुकं अडवत नाही. खडबडीत जमिनीवरून त्यातल्या काही परत येतील आणि ती जमीन उजळ दिसेल. तळ्याचा पृष्ठभाग या आरशासारखा सपाट, तिथल्या लहरी पुढे निघून जातील, आणि नकाशावर तळ्याच्या जागी काळा डाग उमटेल. “आणि एकदा बघून भागणार नाही,” ती म्हणाली. “धरणाची पातळी आपण दरवर्षी बघतो, तसं त्या यानाला पुन्हा पुन्हा तिथून जावं लागेल. काठ पुढे सरकला की मागे हटला, तळं भरतंय की आटतंय, हे कोट्यवधी मैलांवरून, अंधारात, धुक्यातून बघायचंय. माणसांना ते जमणार आहे.”

दिवे लागले. पाहुण्यांनी विचारलं, “आणि काळे डाग दिसलेच नाहीत तर? तुझी तळी नसलीच तर?”

“तर नाहीत हे कळेल सर. नाही म्हणायलाही कुणीतरी तिथवर जाऊन बघायला हवं. इथं बसून नाही म्हणायचा हक्क कुणालाच नाही.”

शेवटचं वाक्य तिनं पाहुण्यांकडे बघून म्हटलं नव्हतं. ज्यांच्याकडे बघून म्हटलं ते म्हस्के सर बॅटरी हातात धरून उभे होते, ती बंद करायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

तिला प्रमाणपत्र मिळालं नाही, ज्यांची नावं होती त्यांनाच मिळालं. पाहुण्यांनी जाताना तिला थांबवून पुढे काय करणार विचारलं. ती म्हणाली, एम.एस्सी., पुण्याला. म्हस्के सर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस प्रयोगशाळेत तिच्याजवळ येऊन म्हणाले, “तू मला सगळ्यांसमोर उभं केलंस.”

“तुम्ही माझ्या वडिलांना उभं केलं होतंत सर.”

सर पाठ फिरवून निघून गेले. पण एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी तिला लायब्ररीतल्या त्या मासिकाचा नवा अंक स्वतः आणून दिला, आणि ती तो वाचत असताना दारात रेंगाळून विचारलं, “ते रडार लहरी परत यायला किती वेळ लागतो त्यावरून उंचीही काढणार आहे म्हणे?” तिनं सांगितलं. सर ऐकत उभे राहिले.

१४ एप्रिलला नागापुरात जयंतीचा मांडव पडला. संध्याकाळच्या भाषणांची नावं ठरवताना सहादूंनी मंडळाच्या बैठकीत सांगितलं, “माझी पोरगी शनीच्या चंद्रावरच्या तळ्यांवर बोलनार.”

मंडळाचा सेक्रेटरी सम्राट उडालाच. “आप्पा, जयंतीच्या स्टेजवर शनी? लोक काय म्हणतील?”

“विद्यापीठाच्या नावासाठी मी मार खाल्ला,” सहादू म्हणाले. “आत काय शिकिवत्यात ते ऐकायला तुला जड जातंय?”

सम्राटनं नाव लिहून घेतलं. तरी कुरबुर झालीच. भाषणाच्या वेळी दोन-तीन म्हातारे उठून चालते झाले. यशोधरानं त्यांना जाऊ दिलं, माइक जवळ ओढला आणि सुरुवात केली. पुढच्या रांगेत बायका लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ती आरसा दाखवायला खाली उतरली तेव्हा त्यांनी बॅटरी एकमेकींकडून हिसकावून घेतली. प्रत्येकीला ते काळं तळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

“आन् ते यान तिथं कवा पोचायचं?” आक्काबाईंनी विचारलं. त्या वस्तीतल्या सगळ्यात थोरल्या, मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या.

“दोन हजार चार साली, आजी.”

“तवर आपन कुठले असतो?” शेजारची एक बाई हसून म्हणाली.

आक्काबाई तिच्यावर खेकसल्या. “तू नसशील! मी असनार हाय.” मग यशोधराकडे वळून म्हणाल्या, “तू सांग पुढं.”